पहाऱ्याचा कॅमेरा आणि त्याची साठवण

जून २०११ मध्ये सेवाग्रामहून एक बातमी आली आणि तिने साऱ्या वर्धा जिल्ह्यास चुटपुट लावली. आश्रमातून गांधीजींचा चष्मा चोरीस गेला होता. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या पुरुषाच्या मोजक्या वस्तूंपैकी ती एक. बाजारात तिची किंमत काय यापेक्षा आपल्या मनात ती काय आहे हे महत्त्वाचे. आणि या बातमीतील सर्वांत बोचणारा भाग असा, की ती बाहेर आली तेव्हा चष्मा जाऊन कित्येक महिने लोटले होते.

असे काही घडले म्हणजे चहूकडून एकच सल्ला ऐकू येतो: ‘कॅमेरे बसवा.’ सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आपल्या दुकानांतून, दवाखान्यांतून आणि घरांवर जे कॅमेरे बसवितात, त्यांच्यापैकी बहुतेकांची आठवण दहापंधरा दिवसांची, फार तर महिन्याची असते. चोरी कित्येक महिन्यांनी उघडकीस येणार असेल, तर असल्या कॅमेऱ्याने चोराचे तोंड स्वच्छ पाहिले असले तरी चौकशीच्या दिवशी त्यास काहीही आठवणार नाही. त्याच्या नजरेत दोष नसतो, आठवणीस मुदत असते. कॅमेरा पाहतो खरा, पण साक्ष देते ती साठवण. कॅमेरे किती आणि कोठे बसवावेत याची चर्चा आपण पुष्कळ करतो. त्यांनी पाहिलेले कोठे राहते, किती दिवस राहते आणि कोणाच्या ताब्यात राहते, याची चर्चा क्वचित होते. आज ती करावयाची आहे.

चित्र राहते कोठे?

कॅमेऱ्याने टिपलेले चित्र तीन ठिकाणी राहू शकते. पहिली जागा म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातील मेमरी कार्ड. बोटाच्या नखाएवढी ती चकती असते. दुसरी जागा म्हणजे गल्ल्याखाली किंवा कपाटात ठेवलेली पेटी, जिला सर्वजण डीव्हीआर म्हणतात. तिच्या आत संगणकातल्यासारखी हार्ड डिस्क असते. अलीकडच्या कॅमेऱ्यांसाठी एनव्हीआर नावाची पेटी येते; तिच्यात आणि डीव्हीआरमध्ये फरक इतकाच, की जुन्या प्रकारात चित्राचे आकड्यांत रूपांतर पेटी करते आणि नव्या प्रकारात ते कॅमेरा स्वतःच करून पाठवितो. तिसरी जागा आपल्या गावात नसतेच. चित्र इंटरनेटच्या तारेवरून एखाद्या कंपनीच्या दूरच्या संगणकांवर जाते आणि तेथे राहते. यास ‘क्लाउड’ म्हणतात. पण तो ढग आकाशात नसून कोणाच्या तरी इमारतीत असतो आणि त्याचे भाडे दरमहा द्यावे लागते.

पहिल्या दोन प्रकारांस आपण ‘घरची साठवण’ म्हणू. धान्य घरच्या कणगीत ठेवावे की दुसऱ्याच्या कोठारात, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांपुढे होताच. तोच प्रश्न आता चित्रांच्या बाबतीत आला आहे. पण कणगी कोणाची हे ठरविण्यापूर्वी ती केवढी लागेल हे पाहिले पाहिजे.

कणगीचा हिशेब

सर्वसाधारण कॅमेरा २ मेगापिक्सेलचा असतो. म्हणजे त्याच्या एका चित्रात सुमारे २० लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदण्यास ३ बाइट लागतात असे धरले, तर एक चित्र ६० लाख बाइटचे झाले. हालचाल सलग दिसावी म्हणून सेकंदास २५ चित्रे घेतली, तर सेकंदास सुमारे १५ कोटी बाइट! या दराने १ टेराबाइटची हार्ड डिस्क दोन तासांच्या आतच भरून जाईल. म्हणजे सकाळी दुकान उघडून झाडलोट होते न होते तोच कणगी भरली.

मग प्रत्यक्षात ती इतके दिवस कशी पुरते? याचे उत्तर संक्षेपात आहे. दुकानाची भिंत, दार, पायरी ही एका चित्रात जशी असतात तशीच पुढच्या चित्रात असतात. म्हणून यंत्र एक चित्र पुरते लिहिते आणि त्यानंतरच्या कित्येक चित्रांत केवळ जे बदलले तेवढेच टिपते. मुनीम रोज सकाळी साऱ्या मालाची यादी नव्याने लिहीत नाही, आवक आणि जावक तेवढी मांडतो, तसाच हा प्रकार. यासाठी २००३ मध्ये एच.२६४ नावाची पद्धत जगभर मान्य झाली आणि २०१३ मध्ये तिच्याहून काटकसरी अशी एच.२६५ आली. नव्या पद्धतीत तेवढ्याच स्पष्टतेचे चित्र सुमारे निम्म्या जागेत मावते.

अशा संक्षेपानंतर २ मेगापिक्सेलचे चित्र सेकंदास २ मेगाबिट या दराने साठते असे धरू. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे तासाला ९०० मेगाबाइट आणि दिवसास २१.६ गिगाबाइट. चार कॅमेऱ्यांचे दिवसास ८६.४ गिगाबाइट. तेव्हा १ टेराबाइटची, म्हणजे १००० गिगाबाइटची, हार्ड डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. एकाच कॅमेऱ्यात १२८ गिगाबाइटचे कार्ड घातले, तर ते सहाव्या दिवशी भरेल. हा हिशेब करण्यास चौथीतले गणित पुरे आहे. तरीही कॅमेरे बसवून घेताना तो मांडून मागणारे गिऱ्हाईक विरळाच. चित्र अधिक स्पष्ट हवे म्हणून दर दुप्पट केला, की दिवस निम्मे झाले. उलट सेकंदास २५ ऐवजी १२ चित्रे पुरेशी मानली, किंवा हालचाल झाली तरच नोंद कर असे यंत्रास सांगितले, तर दिवस वाढतात. रात्री बंद असणाऱ्या दुकानास ही दुसरी युक्ती सोयीची. मात्र रस्त्याकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्यापुढून कुत्रे गेले, झाडाची फांदी हलली, तरी तीही हालचालच. तेथे बचत थोडी होते.

आता भरल्यावर काय होते ते पाहू. यंत्र थांबत नाही, कोणास विचारतही नाही. सर्वांत जुना दिवस पुसून त्याच जागी आजचा दिवस लिहू लागते. विहिरीवरचा रहाट जसा भरलेले पोहरे वर आणून रिते करतो आणि तेच पुन्हा खाली सोडतो, तसा हा फेरा अखंड चालू असतो. जे चुकून नुसते पुसले गेले ते तज्ज्ञास पुष्कळदा परत मिळविता येते. परंतु ज्याच्यावर नवे लिहिले गेले ते परत येत नाही. म्हणून काही विपरीत घडल्याचे कळताच पहिले काम हे, की त्या वेळच्या चित्रणाची प्रत तत्काळ वेगळी काढून ठेवावी. तक्रार, पंचनामा, जाबजबाब यांस वेळ लागेल. रहाट मात्र त्यासाठी थांबणार नाही.

घरची की दूरची?

दूरच्या साठवणीची बाजू प्रथम मांडू, कारण तिच्यात तथ्य आहे. घरच्या साठवणीचा सर्वांत मोठा धोका असा, की चोराला ती नेता येते. आता चोरही जाणते झाले आहेत. तिजोरीबरोबर डीव्हीआरही उचलून नेल्याच्या बातम्या आपण वाचतो. पहारेकऱ्यानेच आपली वही चोराच्या हाती द्यावी, तसे हे झाले. आग लागली, पुराचे पाणी शिरले, तरी माल आणि पुरावा एकदमच जातात. दूर ठेवलेल्या प्रतीस हे भय नाही.

परंतु दूरच्या साठवणीसही किंमत पडते आणि ती केवळ भाड्याची नव्हे. वरच्या हिशेबातले चार कॅमेरे रात्रंदिवस चित्र पाठवीत राहिले, तर सेकंदास ८ मेगाबिट बाहेर नेणारी लाइन अखंड लागेल. रस्ता खोदताना तार तुटली, की तेवढ्या वेळची नोंद होत नाही. भाडे थांबले की आठवण थांबली. आणि आपल्या अंगणातले, आपल्या मुलाबाळांचे जाणेयेणे कोणाच्या तरी यंत्रावर, कदाचित परदेशात, पडून राहते. तेथे ते किती दिवस राहील आणि कोण पाहील, हे आपण नव्हे तर कंपनीचे करारपत्र ठरविते. ते करारपत्र आपल्यापैकी किती जण वाचतात?

घरच्या साठवणीत मालकी आपली राहते. परंतु मालकीबरोबर राखणही आपल्याकडेच येते. आपल्या जिल्ह्यात तर तिच्याकडे विशेष लक्ष हवे. वैशाखात येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छताखाली, बंद कपाटात ठेवलेल्या पेटीच्या आतली उष्णता बाहेरच्याहून कितीतरी अधिक होते. हार्ड डिस्कमधील तबकडी सेकंदास नव्वद-शंभर वेळा गरगरत असते आणि तिच्यावरची लेखणी केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. ऊन, धूळ आणि धक्का ही तिन्ही तिची शत्रू होत. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये रुईचे तंतू हवेत तरंगतात आणि पेटीची वाऱ्याची भोके बुजवितात. तेव्हा पेटी सावलीत, हवेशीर जागी आणि जमिनीपासून उंच असावी. पण गल्ल्याजवळ, सर्वांच्या डोळ्यांसमोर नसावी. आतल्या खोलीत, कुलपात, भिंतीस जखडलेली असावी. वीज गेली की कॅमेरा आंधळा होतो, म्हणून इन्व्हर्टरचा आधार हवा.

मेमरी कार्डाचा स्वभाव निराळा. त्यात फिरणारे काही नसते. पण त्याच्या सूक्ष्म कप्प्यांत ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येते. पाटीवर पुन्हा पुन्हा लिहून ती गुळगुळीत व्हावी, तसे ते झिजते. फोटो काढण्यासाठी घेतलेले साधे कार्ड अहोरात्र लिहिणाऱ्या कॅमेऱ्यात घातले, तर ते लवकर निकामी होते. आणि कित्येकदा ते निकामी झाल्याचे कोणास कळतही नाही. कॅमेऱ्याचा दिवा लागलेला दिसतो, मोबाइलवर चालू चित्रही दिसते, आत मात्र काहीच साठत नसते. यास्तव या कामासाठी मुद्दाम बनविलेले, अधिक टिकाऊ असे कार्ड घ्यावे, आणि आठवड्यातून एकदा चार दिवसांपूर्वीचे चित्र काढून पाहावे. चालू चित्र दिसते ते डोळा उघडा असल्याची खूण. चार दिवसांपूर्वीचे दिसले तर स्मृती शाबूत असल्याची खूण.

माझ्या मते मध्यम मार्ग श्रेयस्कर आहे. सारी साठवण घरी ठेवावी. दाराशी आणि गल्ल्यावर असलेल्या कॅमेऱ्यांत पेटीखेरीज कार्डही घालावे, म्हणजे पेटी गेली तरी एक प्रत उरेल. जे महत्त्वाचे घडले त्याची तेवढी प्रत काढून दुसऱ्या जागी, भावाच्या घरी वा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. बियाणे वेगळे राखून ठेवण्याची शेतकऱ्याची रीत हीच आहे.

साक्ष देण्याची वेळ

चित्र साठविले, टिकविले, तरी न्यायालयात ते जसेच्या तसे मानले जाईल असे नाही. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यावर २९६ मतांनी विजयी झाले. उमेदवारी अर्जांची अखेरची मुदत २७ सप्टेंबर रोजी दुपारी ३ वाजेपर्यंत होती आणि खोतकरांचे अर्ज मुदतीनंतर आले, असा आक्षेप निवडणूक याचिकेत घेण्यात आला. निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात त्या दिवशी चित्रीकरण झाले होते. त्याच्या तबकड्या पुराव्यात आल्या. पण नकलेसोबत कायद्याने जो दाखला लागतो तो अधिकाऱ्यांनी, वारंवार मागूनही, दिला नव्हता. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरविली, आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अपील फेटाळताना या विषयाचा कायदा स्पष्ट करून ठेवला. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने न्यायालयात हजर केले आणि ते आपले असल्याचे शपथेवर सांगितले, तर दाखल्याची गरज नाही. नक्कल दिली, तर दाखला हवाच. मात्र ज्याने दाखला मिळविण्यासाठी शक्य ते सारे केले आणि तरीही तो मिळाला नाही, त्याच्यावर अन्याय होता कामा नये.

आपल्यासारख्या सामान्य कॅमेरेवाल्याने यातून काय घ्यावे? मूळ यंत्र आपल्या ताब्यात असणे हे बळ आहे. त्याची साक्ष देणारा मनुष्यही आपल्याच गावात असतो. नक्कल द्यावयाची असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दाखला दोन भागांत द्यावा लागतो: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. त्यात त्या चित्रणाचे ‘हॅश’ लिहावयाचे असते. हॅश म्हणजे साऱ्या नोंदीवरून गणिताने काढलेला एक लांबलचक आकडा. नोंदीचा जणू अंगठ्याचा ठसाच. चित्रणात एक ठिपका जरी बदलला तरी हा आकडा पार बदलतो. म्हणून मागाहून कोणी हात मारला असेल तर तो लपत नाही.

आणखी एक साधी गोष्ट पुष्कळदा घात करते, ती म्हणजे यंत्रातले घड्याळ. आतली लहानशी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. कधी घड्याळ वीस मिनिटे पुढेमागे असते. जालन्याच्या प्रकरणात सारा वाद तीन वाजण्याच्या आधी की नंतर एवढाच होता, हे ध्यानात घ्या. महिन्यातून एकदा घड्याळ जुळविणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

साठवण ही केवळ चोर पकडण्यासाठी असते असेही नाही. ती निरपराध्याची ढालही असते. वाराणसीतील एका हॉटेलात २०१० मध्ये एका इटालियन प्रवाशाचा मृत्यू झाला आणि त्याच्या दोन सोबत्यांस जन्मठेप झाली. हॉटेलात कॅमेरे होते. पोलिसांनी चित्रण पाहिलेही होते. पण ते न्यायालयापुढे आणले नाही. जो पुरावा सर्वांत चांगला तोच मागे ठेवला, म्हणून त्याचा अर्थ सरकार पक्षाच्या विरुद्ध लावला पाहिजे, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१५ रोजी दोघांची मुक्तता केली.

किती दिवस आठवावे, आणि कोणी पाहावे?

येथे एक शंका येईल: मग सारेच कायमचे का साठवू नये? पहिले उत्तर खर्चाचे. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश देताना चित्रण १८ महिने राखावे आणि तेवढी सोय बाजारात नसेल तर निदान एक वर्ष तरी राखावे, असे सांगितले. आपल्या हिशेबाने १८ महिन्यांस एका कॅमेऱ्यामागे सुमारे १२ टेराबाइट लागतात. मग न्यायालयाने एवढा भार का घातला? कोठडीत मार खाल्लेला मनुष्य दुसऱ्या दिवशी तक्रार करीत नाही. त्यास धीर यावयास आणि दाद मागावयास महिने लागतात. स्मृतीची मुदत ही हकिगत उजेडात येण्याच्या काळावरून ठरते, हे तत्त्व त्या आदेशात दिसते.

दुसरे उत्तर माणुसकीचे. जे साठविले ते कधीतरी पाहिले जाण्याचा धोका असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातेत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील कॅमेऱ्यांचे चित्रण इंटरनेटवर विक्रीस आल्याचे उघड झाले. रुग्ण स्त्रियांच्या तपासणीची ती दृश्ये होती. यंत्र कारखान्यातून येताना जो परवलीचा शब्द घालून येते, तोच कित्येक ठिकाणी तसाच ठेवलेला असतो. जगातल्या प्रत्येक भुरट्यास तो ठाऊक असतो. तेव्हा साठवण घरची असली, तरी मोबाइलवर पाहण्यासाठी पेटी इंटरनेटला जोडली की तिला रस्त्याकडे एक दार फुटले असे समजावे आणि त्यास चांगले कुलूप घालावे. परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. बाहेरून पाहण्याची खरोखर गरज नसेल, तर ते दार उघडूच नये. आणि कॅमेऱ्याचे तोंड शेजाऱ्याच्या अंगणात, न्हाणीकडे वा रुग्णाच्या खाटेकडे कधीही नसावे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी नि:संदिग्ध सांगितले आहे. पण शेजारधर्म त्याच्या पुष्कळ आधीचा आहे.

सारांश, कॅमेरे बसविणाऱ्याने स्वतःस एक प्रश्न विचारावा: माझ्याकडे काही गैर घडले, तर ते मला किती दिवसांनी कळेल? साठवण त्याहून अधिक दिवसांची हवी. सराफाचा हिशेब रोज रात्री होतो; त्यास पंधरा दिवस पुष्कळ. गोदामाची मोजणी तीन महिन्यांनी होते. त्यास पंधरा दिवसांचा उपयोग नाही. आता हे अंतर दोन बाजूंनी भरता येते. एक, हार्ड डिस्क मोठी घ्यावी. दुसरे, मोजणी लवकर करावी. आणि यास पैसे पडत नाहीत.

म्हणून सेवाग्रामच्या चष्म्याकडे पुन्हा वळतो. संग्रहालयात, देवळात, ग्रंथालयात ज्या अमोल वस्तू आहेत, त्यांपाशी कॅमेरा अवश्य असावा. पण त्याच्या शेजारी एक साधी वहीही असावी. रोज सायंकाळी दार लावण्यापूर्वी कोणीतरी प्रत्येक वस्तू डोळ्यांनी पाहावी आणि वहीत सही करावी. वस्तू गेली तर ती त्याच रात्री कळेल, आणि त्या रात्री पंधरा दिवसांची साठवणही पुरून उरेल.